लांब पल्ल्याच्या शर्यतीची गाडी आणि खंबाटकीतला खोळंबा

सांगलीच्या विश्रामबागेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या चुलत्यांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आणि लांब पल्ल्याच्या काही रॅल्यांमध्ये धावली, आणि १९८२ पासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. तिला पुन्हा चालती करून महिन्यातून एक-दोनदा साताऱ्यामार्गे महाबळेश्वरपर्यंत न्यावी, अशी त्यांची इच्छा आहे. गाडीत झालेल्या बदलांची यादी त्यांनी सोबत दिली आहे: घासून उतरवलेले हेड (सिलिंडरांवरचे झाकण), मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), डबल बॅरलचा वेबर कार्ब्युरेटर, काढून टाकलेला पंखा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप), फोम भरलेली पेट्रोलची टाकी, पॅडल क्लच (पूर्ण गोल अस्तराऐवजी पाकळ्या असलेला), वेल्डिंग मारून जाम केलेला डिफरन्शियल (वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आणि आत पाइपचा पिंजरा. यातले काय ठेवावे, काय काढावे आणि सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न आहे.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत आधी लेथवर आणि नंतर स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मिळून तीस वर्षे काढली असून त्यांतली शेवटची अठरा वर्षे जवळजवळ पूर्णपणे जुन्या गाड्यांवर गेली आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघते. अशा गाडीचे दुखणे वेगात नसते. ती तासन् तास एका लयीत पळण्यासाठी बांधलेली असते, तेव्हा पळताना ती आजही कुरकूर करणार नाही; तिची खरी परीक्षा पेठ नाक्यावर उसाच्या ट्रॉलीमागे, खंबाटकीच्या चढावर थांबलेल्या रांगेत आणि कासच्या फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या वळणावर अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये सरकताना होते. रस्त्यासाठी करायचे बहुतेक काम हे गाडीला हळू चालायला, थांबायला आणि थंड इंजिनावर निघायला शिकवण्याचे आहे.

हे काम नवे नाही. १९५७ साली जॅग्वार कंपनीने ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या, पण न खपलेल्या डी-टाइप गाड्यांना रस्त्याचे रूप देऊन त्यांना एक्सकेएसएस हे नाव दिले. पंचवीस गाड्या करायच्या होत्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कारखान्याला लागलेल्या आगीत नऊ जळाल्या आणि सोळाच पूर्ण झाल्या. त्या रूपांतरात यांत्रिक बदल थोडे होते. शेजाऱ्यासाठी दार बसवले, दोन आसनांमधला पत्रा काढला, चालकाच्या डोक्यामागचा उंच पंख कापला, पूर्ण रुंदीची काच, कापडी छत आणि नावापुरते बंपर दिले. पुढे १९७५ मध्ये एका इटालियन उमरावाने पोर्शे ९१७ ही अस्सल शर्यतीची गाडी कंपनीकडूनच सायलेन्सर, आरसे आणि चामड्याची आसने बसवून घेऊन स्टुटगार्टहून पॅरिसला चालवत नेली, तिची नोंदणी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात झाली. या दोन्ही गाड्यांच्या कथा ऐकायला छान आहेत, पण त्यांच्या मालकांना जुलैच्या पावसात केळघर घाट उतरायचा नव्हता. आपल्याला उतरायचा आहे.

आपली गाडी त्या घराण्यातली नाही, आणि ते बरेच आहे. ११०० डिलाइट म्हणजे आपल्याकडच्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलेल्या गाडीची पुढची पिढी. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिचा प्रत्येक नट आपल्या भागातल्या जुन्या मिस्त्रींनी कधी ना कधी सोडवलेला आहे. साध्या गाड्या लांब पल्ल्यात काय करू शकतात हे १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमध्ये दिसले होते. निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईपर्यंत पोहोचल्या, तिथून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि शेवटी हिलमन हंटर ही चारचौघींसारखी दिसणारी घरगुती गाडी जिंकली. आघाडीवर असलेली सिट्रोएन शेवटच्या टप्प्यात समोरून आलेल्या एका साध्या मोटारीवर आदळली होती. लांब पल्ल्याची रॅली खुल्या रस्त्यांवरही होत असे, हे त्यातून लक्षात येते, आणि म्हणूनच आपल्या चुलत्यांच्या गाडीत रस्त्याला चालण्याजोगे पुष्कळ काही शिल्लक असणार.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागद पाहा. मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची असते. पण या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर महिन्याची महाबळेश्वरची फेरी त्यात बसत नाही. त्यामुळे जुनी तीन अक्षरी पाटी आणि जुने पुस्तक हाती असेल, तर तीच नोंदणी सांगलीच्या आरटीओत, म्हणजे एमएच-१० च्या कार्यालयात, जिवंत करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरण्याचा मार्ग आपल्या हेतूला अधिक योग्य ठरेल. इथे एक अडचण हमखास येते. शर्यतीच्या गाड्यांची बॉडी अपघातानंतर बदललेली असते आणि नंबराची पट्टी जुन्या बॉडीवरून काढून नवीवर रिव्हेट केलेली असते. तेव्हा पेन्सिलीने चेसिस नंबराचा ठसा स्वतः घेऊन तो पुस्तकाशी ताडून पाहा. पट्टीवरचा आणि पत्र्यात ठोकलेला नंबर वेगळे निघाले, तर गाडीवर एक रुपयाही खर्च करण्याआधी तो गुंता सोडवावा लागेल. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेपेक्षा वेगळ्या बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक ठामपणे सांगितले आहे. मी पुढे गाडी मूळ रचनेकडे नेण्याचा जो आग्रह धरणार आहे, त्यामागे हेही कारण आहे.

आता इंजिन. हेड किती घासले आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. हेड काढून उलटे ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले असू द्या, त्यावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती ग्रीसने चिकटवा आणि इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने पातळ तेल मोजून भरा. एका सिलिंडरचे आकारमान साधारण २७२ सीसी आहे. गॅस्किटची जागा आणि पिस्टनचा माथा जमेस धरून वरची एकूण पोकळी २८-२९ सीसी भरली, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, साडेदहाला एक झाले. नऊला एक हवे असेल तर ती ३४ सीसी हवी. फरक पाच-साडेपाच सीसीचा आहे आणि ६८ मिलिमीटरच्या बोअरमध्ये तो सुमारे दीड मिलिमीटर जाडीने भरून निघतो. दीड मिलिमीटरची तांब्याची प्लेट कापून हेडखाली घातली की हेडला पुन्हा हात न लावता इंजिन शांत होते, आणि उद्या कोणाला ही गाडी पुन्हा शर्यतीला न्यावीशी वाटली तर प्लेट काढली की झाले. मात्र हेड तेवढे वर आल्यामुळे पुशरॉड, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे, तोकडे पडतात. टॅपेटचा स्क्रू संपत आला असेल तर रॉड थोडे लांब करून घ्यावेत. साताऱ्यात १९२२ पासून कूपरच्या कारखान्यामुळे इंजिनाची कामे जाणणाऱ्यांची जी परंपरा तयार झाली, तिच्यातले हात आजही सापडतात. असे रॉड करून देणे त्यांना अवघड नाही.

मोठा कॅमशाफ्ट मी काढायला सांगेन, आणि याबाबत तडजोड सुचवणार नाही. चार हजार आरपीएमच्या वर जागा होणारा कॅम घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागे निरुपयोगी असतो. इंजिन बाराशे-पंधराशेच्या खाली टिकत नाही, प्लग काळे पडतात आणि थांबलेल्या गाडीत पेट्रोलचा वास भरतो. मूळ कॅम बसवा, काढलेल्याला ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळा. व्हॉल्व्हच्या सीटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडीबद्दल, मात्र दक्षता हवी; जुन्या पेट्रोलमधले शिसे तिला झिजण्यापासून वाचवत असे. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि ही गाडी त्याच्या अठरा वर्षे आधी थांबली, म्हणजे तिच्या सीटांनी शिसे नसलेले पेट्रोल पाहिलेलेच नाही. हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्टच्या चारही सीट कडक धातूच्या बसवून घ्याव्यात.

पेट्रोलवर थोडे रेंगाळतो, कारण अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांची निम्मी दुखणी तिथलीच असतात. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला साधारण १३.५ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ-साडेआठ टक्के जास्त इंधन सोडावे लागते, अन्यथा इंजिन कोरडे, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालते, चढावर गरम होते आणि पिस्टनवर बेतते. वेबर कार्ब्युरेटरमधल्या जेटवरचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या स्क्रूवरचा, आकडा म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १३० च्या जागी १३५ चा मेन जेट घातला, तर छिद्राचे क्षेत्रफळ जवळपास आठ टक्क्यांनी वाढते आणि हिशेब जुळतो. ही सुरुवात झाली. शेवटचा निर्णय चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर एक किलोमीटर चालवून, तिथेच इंजिन बंद करून काढलेल्या प्लगच्या रंगावर घ्यावा. फिकट पांढरा प्लग दिसला तर आणखी एक पायरी वर जा.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, फायबरग्लासच्या टाकीचे राळ विरघळवते आणि हवेतले पाणी ओढून कार्ब्युरेटरच्या जस्त-मिश्र धातूवर पांढरी भुकटी आणते. टाकी ते कार्ब्युरेटर सगळे पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि ओ-रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात. आणि टाकीतला फोम काढून फेकावा. मी ही चूक स्वतः केली आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका रॅलीच्या गाडीचे काम पूर्ण करून पुण्याहून साताऱ्याला येत होतो. टाकीतला फोम बाहेरून चांगला दिसला म्हणून तसाच ठेवला होता. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या वळणाजवळ वाहतूक थांबली, पुन्हा निघताना गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. बाजूला घेऊन फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, उघडला तर तळाशी बाजरीच्या दाण्याएवढे पिवळे कण होते. बोटाने दाबले की त्यांचा चिकट लगदा व्हायचा. जेट फुंकून पुढे निघालो आणि दीड किलोमीटरवर पुन्हा तेच. मागच्या ट्रकवाल्याने खिडकीतून ‘जुनं ते सोनं’ म्हणून जे हसून घेतले, ते अजून आठवते. शर्यतीतल्या रबरी सुरक्षा टाक्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनी पाच वर्षांचीच मुदत दिलेली असते. आपल्या टाकीने चाळीस ओलांडली आहेत. ती वस्तू म्हणून जपा, गाडीत मूळची पत्र्याची टाकी बसवा.

थंडाव्याची व्यवस्था ही दुसरी मोठी बाब. शर्यतीत पंखा इंजिनाची शक्ती खातो म्हणून काढतात, कारण ताशी शंभरच्या वेगात रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. थर्मोस्टॅटही काढतात. परिणामी गाडी थांबली की उकळते, आणि हिवाळ्यात सकाळी चालली की तापतच नाही. न तापलेल्या इंजिनात पेट्रोल तेलात उतरते आणि बेअरिंग खाते. म्हणून ८२ अंशांचा थर्मोस्टॅट परत आणावा, रेडिएटरची जाळी मोकळी करून घ्यावी आणि मूळ पंख्याबरोबर एक विजेचा पंखा ९२ अंशांना सुरू आणि ८७ ला बंद होईल असा लावावा. पंख्याभोवती पत्र्याचे कवच हवेच. त्याच्याशिवाय पंखा जाळीच्या मधल्या गोलातूनच वारा ओढतो आणि कोपरे तापलेले राहतात. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १३५० मीटरवर, उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तेव्हा रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आणि रबर नवे असणे ही किरकोळ गोष्ट समजू नये. आणखी एक विनंती सांगलीकरांसाठी मुद्दाम करतो: बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्या भागातल्या क्षारांनी ॲल्युमिनियमचे हेड आतून पोखरलेले मी अनेकदा पाहिले आहे. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट, एवढेच त्यात जाऊ द्या.

पंखा आला की विजेचा हिशेब बिघडतो. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून अकरा अँपिअर, पंखा आठ-दहा, वायपर तीन-चार, इग्निशन तीन-चार. पावसात रात्री हे सगळे एकदम चालू असते आणि बेरीज अठ्ठावीसच्या आसपास जाते. जुना डायनामो पूर्ण फिरतानाही एवढे देत नाही आणि थांबलेल्या गाडीत तर जवळजवळ काहीच देत नाही. ४५ अँपिअरचा छोटा अल्टरनेटर डायनामोच्याच जागी, नवे भोक न पाडता, मधल्या पट्टीवर बसवता येतो. हेडलाइटला रिले द्या. जुन्या स्विचमधून थेट गेलेला प्रवाह दिवे पिवळे करतो आणि स्विचही जाळतो.

क्लच, गिअर आणि डिफरन्शियल यांबाबत थोडक्यात सांगता येईल. पॅडल क्लच एकदम पकडतो, चढावर थांबून निघताना गाडी उडी मारते किंवा बंद पडते; साधी क्लच प्लेट घाला, प्रेशर प्लेट मात्र शर्यतीचीच राहू दिली तरी चालेल, पाय थोडा दुखेल एवढेच. वेल्डिंग मारलेला डिफरन्शियल रस्त्यावर अजिबात चालणार नाही. त्यात दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरायला बांधलेली असतात, वळणावर आतले चाक घासत राहते, ओल्या घाटात मागची बाजू अकस्मात सुटते, आणि सगळा पीळ ॲक्सल शाफ्टवर पडून तो एक दिवस तुटतो. प्रीमियर पद्मिनीच्या भंगारातून सुस्थितीतला डिफरन्शियल मिळू शकतो; क्राउन आणि पिनियन या त्यातल्या दातेरी चाकांची जोडी एकाच गाडीतली आहे याची खात्री करून घ्या.

ब्रेकवर मात्र घाई नको. शर्यतीचे लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारे अस्तर, कडक असतात आणि तापल्यावरच पकडतात. सकाळी थंड ड्रमवर तोच पाय दुप्पट जोराने दाबावा लागतो आणि पहिल्याच वळणावर पोटात गोळा येतो. उलट, मऊ लायनर घाट उतरताना तापून सुटतात. मधल्या कडकपणाचे लायनर घेऊन ते ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून बसवावे लागतात, आणि हे काम घाईत होत नाही. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. दोन माणसे धरून साडेदहाशे किलो वजनाची ही गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर ड्रमांमध्ये तयार होणारी उष्णता अठरा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ती जायची कुठे? ड्रममधून लायनरला, लायनरमधून व्हील सिलिंडरला आणि तिथून ब्रेक ऑइलला. नवे डॉट ४ ऑइल २३० अंशांना उकळते, पण पाणी शोषलेले तेच ऑइल १५५ च्या आसपास उकळू शकते, आणि उकळले की पॅडल जमिनीला टेकते. त्यामुळे दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सगळे ऑइल बदला, आणि चढताना लागलेल्या गिअरमध्येच घाट उतरा.

मूळ गाडीत चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि एकच वाहिनी असते. एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. मूळ रचना जपण्याचा माझा आग्रह इथे मी बाजूला ठेवतो आणि पुढची-मागची वाहिनी वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर लावायला सांगतो. हँडब्रेकची केबल शर्यतीसाठी काढलेली असेल तर ती परत आणा. जुने लायनर बदलताना ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधा. आमच्या पिढीतल्या मिस्त्रींना हे कोणी सांगितले नव्हते.

चाके आणि पुढचे स्टब ॲक्सल (ज्यांवर पुढची चाके फिरतात ते दांडे) यांच्यातले तडे डोळ्यांना दिसत नाहीत. लाल रंगाचे भेदक द्रव्य लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली की केसाएवढा तडादेखील लाल रेघ होऊन उमटतो. आपल्या जिल्ह्यात हे काम करणारी माणसे साखर कारखान्यांच्या बॉयलरवर असतात. गळीत हंगाम संपल्यावर, साधारण एप्रिलपासून, त्यांना सवड असते आणि दोन्ही स्टब तपासायला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. गाडीवर मॅग्नेशियमची चाके असतील तर ती तपासणीत पास झाली तरी भिंतीवर लावा आणि गाडीला लोखंडी चाके घाला. उंची कमी केलेली असेल तर पाट्यांची मूळ कमान परत आणा; आपल्याकडच्या गतिरोधकांना शर्यतीचा इतिहास ठाऊक नसतो.

पिंजऱ्याबद्दल लोक नाराज होतात, तरी सांगतो. हेल्मेट घातलेल्या चालकासाठी तो जीवरक्षक असतो; हेल्मेट नसलेल्या डोक्याजवळचा तोच पोलादी पाइप छोट्याशा धडकेतही कवटी फोडू शकतो. पुढचा अर्धा भाग नट-बोल्टांनी सोडवता येत असेल तर काढावा, मागची कमान राहू द्यावी. खिडक्या प्लास्टिकच्या असतील तर पुढची काच तरी थरांची सुरक्षा काच असलीच पाहिजे; प्लास्टिकवर वायपर दोन पावसाळ्यांत इतके ओरखडे पाडतो की समोरून येणाऱ्या दिव्यांत काही दिसत नाही. कासच्या धुक्यात आतून काच धरते आणि शर्यतीच्या गाडीत हीटर नसतो, तेव्हा काचेवर गरम हवा सोडणारा छोटा ब्लोअर लावावा. सायलेन्सरबद्दल एवढेच, की तो लावा. शेजारी आपले असतात.

रंगाला हात लावू नका. मी पूर्वी एका गाडीच्या दारावरचा फिकट झालेला स्पर्धेचा आकडा सॅंडपेपरने घासून काढला आणि वर सुरेख नवा रंग दिला. मालक खूश झाले. चार वर्षांनी त्यांना एका जुन्या छायाचित्रात तोच आकडा, तोच पोचा आणि खाली हाताने लिहिलेले चालकाच्या रक्तगटाचे अक्षर दिसले, आणि त्यांनी मला फोन केला. मी काय बोलणार? आपल्या गाडीवर तपासणीच्या जुन्या चिकटपट्ट्या, रंगाने लिहिलेले आकडे, डॅशवर कोरलेल्या खुणा असतील, तर वॅक्सचा पातळ हात देऊन त्या आहेत तशाच ठेवा. आतल्या पत्र्याला गंज असेल तेवढाच भाग थांबवा.

चाचणीचा क्रमही ठरलेला असावा. पहिले दोनशे किलोमीटर कोरेगावच्या रस्त्यावर, सपाटीला, तापमान आणि तेलाचा दाब लिहून ठेवत. तेल घट्टच घ्या, २०डब्ल्यू-५०, आणि त्यात जस्ताचे प्रमाण चांगले असावे, कारण या इंजिनाचे टॅपेट कॅमवर घासत चालतात. त्यानंतर हेड पुन्हा आवळा, टॅपेट जुळवा, तेल बदला. मग सज्जनगडाचा चढ एकट्याने, मग यवतेश्वर मुद्दाम रविवारी, गर्दीत. तिथे पंखा वेळेवर सुरू झाला, क्लचचा वास आला नाही आणि थांबलेल्या गाडीत चार्जिंगचा दिवा विझलेला राहिला, तरच पसरणी.

गाडी साताऱ्याला आणणार असाल तर ओढत आणू नका. डिफरन्शियल जाम आहे, हबचे ग्रीस चाळीस वर्षांत दगड झाले असेल आणि ब्रेक कुठले पकडतील याचा भरवसा नाही. सपाट ट्रकवर, चारही चाके बांधून आणा. इंजिन फिरवून पाहण्याचा मोह आवरा. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे डिझेल आणि तेलाचे मिश्रण टाकून आठ दिवस राहू द्या, नंतर पुढच्या नटावर पाना लावून हातानेच सावकाश फिरवा. अडले तर तिथेच थांबा आणि तसेच आणा. चुलत्यांच्या लोखंडी पेटीत जे जेट, स्प्रिंग, जुने गिअर आणि चिठ्ठ्या असतील, ती पेटी न उघडता, न साफ करता, तशीच सोबत पाठवा. आणि चुलत्यांना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही घेऊन या. कोणते बदल कोणत्या वर्षी आणि का केले, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.